भिंतीपलीकडे नवं बिऱ्हाड

एका सिनेमातला प्रसंग. मार्सेय शहरातलं भाड्यानं घेतलेलं एक लहानसं घर. खोलीत तीन माणसं आणि एक पोरगा. पोरगा विशीतला, नाव दुना. त्यानं आपल्याच माणसाला पकडून दिलंय, म्हणून बाकीच्यांनी त्याला इथं आणलंय. इथून तो जिवंत जायचा नाही हे त्याला कळून चुकलंय. तिघांकडे पिस्तूल आहे, पण ते चालवता येत नाही. घर ठरवलं तेव्हा शेजारी कुणी नव्हतं. आता तिथं नवं बिऱ्हाड आलंय आणि मधली भिंत पातळ आहे.

मग ते तिघं त्या पोराच्या देखतच बोलायला लागतात. दस्त्यानं मारायचं का? नको. सुरी आहे का? एक जण स्वयंपाकघरात बघून येतो. सुरी नाही. एक टॉवेल मिळतो. तिघांतला तरुण, ज्याला सगळे 'मास्क' म्हणतात, तो कोसळायच्या बेतात आहे. आपली ही पहिलीच वेळ आहे असं तो म्हणतो. त्यावर त्यांचा म्होरक्या जेर्बिए त्याच्यावर खेकसतो, की आमचीही पहिलीच आहे, दिसत नाही का तुला?

त्यानंतर जे घडतं ते मी इथं सांगत बसत नाही. कॅमेरा त्या पोराच्या चेहऱ्यावर थांबतो आणि त्याच्या गालावरून पाणी ओघळतं. आवाज जवळजवळ नाहीच. सगळा खटाटोप मुळी आवाज होऊ नये म्हणूनच चाललेला. झाल्यावर मास्क म्हणतो, आपल्याला हे जमेल असं वाटलं नव्हतं. जेर्बिए म्हणतो, मलाही.

भिंतीपलीकडे काय चाललंय, ते सिनेमा एकदाही दाखवत नाही. कुणी सामान लावत असेल, कुणी खिडकीला पडदा टांगत असेल. मी मात्र हा प्रसंग दुसऱ्यांदा पाहिला तेव्हापासून त्या बिऱ्हाडाचाच विचार करत आलोय.

सिनेमाचं नाव 'आर्मी ऑफ शॅडोज', सावल्यांची फौज. फ्रेंच आहे, 1969चा, दिग्दर्शक झाँ-पिएर मेलविल. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी फ्रान्स घेतला तेव्हा तिथं भूमिगत लढा देणाऱ्या एका छोट्या गटाची ही गोष्ट आहे. मी पहिल्यांदा पाहिला तो पंधरा-सोळा वर्षांपूर्वी, एका मित्रानं दिलेल्या डीव्हीडीवर. 'युद्धपट आहे, गनिमी काव्याचा, तुला आवडेल' असं म्हणून दिलेली. माझं युद्धपटांचं सगळं शिक्षण एकपडदा थिएटरातलं. दोराला लटकून कडा चढणारे कमांडो, समुद्रावर रोखलेल्या तोफा, शेवटी धडाडधूम आणि पब्लिकच्या शिट्ट्या. त्या तयारीनं बसलो आणि तासाभरात झोपलो. डीव्हीडी परत करताना मित्राला म्हणालो, 'अरे, अडीच तासांत एक पूलसुद्धा उडत नाही!' तो नुसता हसला. आता वाटतं, तक्रार म्हणून केलेलं ते वाक्य त्या सिनेमाचं बऱ्यापैकी अचूक परीक्षण होतं.

खरंच उडत नाही काही. ना पूल, ना आगगाडी. ही माणसं करतात तरी काय? वायरलेसचा संच या गावातून त्या गावात नेतात. रात्री किनाऱ्यावरून माणसांना पाणबुडीपर्यंत पोचवतात. आणि उरलेला सगळा वेळ एकमेकांना सोडवण्यात जातो, नाहीतर एकमेकांना संपवण्यात. जर्मन सैनिक मरताना दिसतो तो जेमतेम एखादा. गटाच्या हातून गटातलीच माणसं मरतात ती त्यापेक्षा जास्त. या लढ्यानं काय साधलं, युद्ध किती जवळ आलं, याचा हिशेब मेलविल मांडतच नाही. पहिल्या खेपेला मला हा हिशेबच हवा होता.

मेलविल हे त्याचं खरं आडनाव नव्हे. तो जन्मानं ग्रुमबाख, 1917चा, ज्यू घरातला. भूमिगत कामात टोपणनाव घ्यावं लागलं ते त्यानं आवडत्या अमेरिकन लेखकाचं, हर्मन मेलविलचं घेतलं आणि युद्ध संपल्यावरही ठेवलं. म्हणजे हा माणूस उरलेलं सगळं आयुष्य लपतानाच्या नावानं जगला, त्याच नावानं नावाजला गेला. ज्या कादंबरीवर सिनेमा बेतलाय ती जोझेफ केसेलची, 1943 सालची, अल्जिअर्समधून छापलेली. लढा अजून चालू, कोण जिंकणार ठाऊक नाही, तेव्हा लिहिलेली. केसेल स्वतः फ्रान्समधून निसटून लंडनला, तिथून फ्रान्सचा लढा चालवणाऱ्या दगॉलच्या लोकांत सामील झालेला. मेलविलनं सिनेमा काढला त्यानंतर पंचवीसेक वर्षांनी, आणि सुरुवातीलाच एक वाक्य टाकलं. त्याचा आशय असा, की दुःखद आठवणींनो, तरीही या, तुम्ही माझं दूर गेलेलं तारुण्य आहात. वाक्य कुर्तलीन नावाच्या जुन्या विनोदी लेखकाचं. विनोदी लेखकाचं वाक्य घेऊन इतका करडा सिनेमा सुरू करावा, हे मला फार आवडलं.

करडा शब्दशः. पिएर लोमच्या छायाचित्रणात लाल-पिवळा रंग शोधावा लागतो. सगळं निळसर-राखी, आपल्याकडे सलग चार दिवस झड लागली की दुपारी तीनला घरात जो उजेड असतो तसं. दुसऱ्यांदा मी हा सिनेमा पाहिला तो नेमका अशाच एका पावसाळी रात्री, वीज गेलेली असताना, इन्व्हर्टरवर. बॅटरी शेवटपर्यंत पुरते की नाही या धास्तीत. झोप आली नाही.

जेर्बिएचं काम केलंय लिनो व्हेंतुरानं. मूळचा इटलीतला, तरुणपणी कुस्त्या केलेला, मानेवरून कळतं. या भूमिकेत त्याला चश्मा आणि ओव्हरकोट चढवलाय, तो दिसतो एखाद्या सरकारी खात्यातल्या इंजिनिअरसारखा. गोष्टीतही तो इंजिनिअरच आहे. त्याचं आणि मेलविलचं इतकं बिनसलेलं होतं, की चित्रीकरणात दोघं एकमेकांशी बोलत नसत, मध्ये सहायक निरोप्या असे, असं सांगतात. पडद्यावरचा जेर्बिए कमी बोलतो, त्यात या अबोल्याचा वाटा किती असेल कोण जाणे.

पॅरिसमध्ये जर्मनांनी ताब्यात घेतलेल्या मॅजेस्टिक हॉटेलातून जेर्बिए पळतो तो प्रसंग घ्या. तो एकटा नसतो. शेजारी बाकावर आणखी एक कैदी बसलेला असतो, अनोळखी. जेर्बिए त्याच्या कानात कुजबुजतो, मी पहारेकऱ्याकडे बघतो, तू पळ. माणूस उठून पळतो, बाहेरच्या बंदुका त्याच्याकडे वळतात आणि त्या गोंधळात जेर्बिए पहारेकऱ्याच्या गळ्यात सुरा खुपसून दुसऱ्या दिशेनं निसटतो. त्या माणसाचं नाव आपल्याला कळत नाही. जेर्बिएलाही ठाऊक नसावं. हा आपला नायक. मेलविल त्याबद्दल त्याला दोष देत नाही, माफही करत नाही. जेर्बिएचे बूट रिकाम्या रस्त्यावर वाजत राहतात, बस.

आणि मग तो एका सलूनमध्ये शिरतो. रात्र झालेली, दुकानात तो एकटाच गिऱ्हाईक. धापा टाकतोय. दाढी करायची आहे म्हणतो. दुकानदार त्याच्याकडे एकदा बघतो, खुर्ची दाखवतो. भिंतीवर मार्शल पेतँचं पोस्टर आहे. पेतँ म्हणजे जर्मनांशी जुळवून घेणाऱ्या सरकारचा म्हातारा प्रमुख. पोस्टर जेर्बिएला दिसतं, आणि त्याला ते दिसलंय हे आपल्याला दिसतं. आता गळ्यावर वस्तरा. बाहेर बुटांचे आवाज येऊन जातात. दुकानदार फेस लावतो, वस्तरा फिरवतो, पुसतो. एक शब्द नाही. पोस्टर मनापासून लावलंय की पोलिसांसाठी लावलंय, हे ओळखायला जेर्बिएकडे काहीच साधन नाही. त्या माणसाचा चेहरा तर पाटीसारखा कोरा. काम झाल्यावर जेर्बिए पैसे देऊन घाईनं निघू बघतो. दुकानदार त्याला थांबवतो, आत जातो. त्या दोन-चार क्षणांत माझ्या पोटात खरोखर गोळा आला. तो बाहेर येतो तेव्हा त्याच्या हातात एक कोट असतो. फार चांगला नाही, पण अंगावरच्या कोटापेक्षा वेगळा. घाला, म्हणतो.

हे काम सर्ज रेजियानीचं. अख्ख्या सिनेमात त्याला एवढीच काही मिनिटं. मी गेली वीस वर्षं ज्याच्याकडे दाढी-केस करतो त्याच्या दुकानातही भिंतीवर तसबिरी आहेत, कॅलेंडर आहे, निवडणूक आली की एखादं स्टिकर चिकटतं, पुढच्या निवडणुकीला दुसरं. त्या सिनेमानंतर पहिल्यांदा गेलो तेव्हा खुर्चीत मान मागे टाकून मी ते स्टिकर बघत होतो आणि मनात आलं, वीस वर्षं हा माणूस माझ्या गळ्यावर वस्तरा धरतोय आणि याचं मत काय ते मला ठाऊक नाही. विचारलंही नाही. 'साहेब, मान हलवू नका,' तो म्हणाला.

भिंतीपलीकडचं ते बिऱ्हाड आणि हा सलूनवाला माझ्या डोक्यात एकाच जागी राहतात. एकाला काहीच माहीत नाही, दुसऱ्यानं न विचारता सगळं ओळखलंय. भूमिगतांचं जगणं या दोघांच्या मध्ये कुठंतरी चाललेलं. आणि बाहेरून बघताना दोघांत फरक करता येत नाही, ही खरी पंचाईत.

सिनेमा फ्रान्समध्ये 1969च्या सप्टेंबरात लागला तेव्हा त्याची वेळ चुकली. आदल्या वर्षीच्या मे महिन्यात विद्यार्थ्यांनी पॅरिस डोक्यावर घेतलं होतं, 1969च्या एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्ष दगॉल पायउतार झाला होता. आणि सिनेमात दगॉल लंडनमध्ये एका भूमिगत नेत्याच्या छातीवर पदक लावताना दिसतो. तेवढ्यावरून तिथल्या तरुण समीक्षकांनी त्याला सरकारी सिनेमा ठरवून झोडपलं. अमेरिकेत तर तो लागला थेट 2006 साली, मेलविल जाऊन तेहेतीस वर्षं झाल्यावर, आणि न्यूयॉर्कच्या समीक्षकांनी त्याला त्या वर्षीचा सर्वोत्तम परदेशी चित्रपट ठरवलं. ज्यांनी तो सरकारी ठरवला त्यांनी पदकाच्या प्रसंगापुढचं नीट पाहिलं नसावं. पदक मिळालेला तो नेता, ल्युक जार्दी, जेर्बिएबरोबर लंडनच्या थिएटरात 'गॉन विथ द विंड' बघतो आणि बाहेर पडताना म्हणतो, फ्रेंच माणसाला हा सिनेमा बघता येईल आणि 'कानार आंशेने' वाचता येईल, तेव्हा त्याच्यापुरतं युद्ध संपलं म्हणायचं. 'कानार' हे तिथलं टवाळखोर साप्ताहिक. ज्याच्या डोक्यावर मरण आहे तो माणूस स्वातंत्र्य म्हणजे काय हे सांगताना एक सिनेमा आणि एक थट्टेचं वर्तमानपत्र पुढं करतो. यात सरकारी काय आहे?

हा जार्दी गणिती आहे, तत्त्वज्ञ आहे, पुस्तकांनी भरलेल्या घरात राहणारा. त्याच्यामागे झाँ काव्हायेस या खऱ्या माणसाची सावली आहे. काव्हायेस गणिताच्या तत्त्वज्ञानातला मोठा अभ्यासक, लढ्यात उतरला, 1944 साली आरासला जर्मनांनी त्याला गोळ्या घातल्या आणि 'अज्ञात क्रमांक 5' म्हणून पुरला. सिनेमात जार्दीच्या नावावर जी पुस्तकं दिसतात त्यांची शीर्षकं काव्हायेसच्या ग्रंथांची आहेत.

जार्दीला एक धाकटा भाऊ आहे, झाँ-फ्रांस्वा. देखणा, उडाणटप्पू, विमानं उडवलेला. तोही याच गटात आलाय. पण थोरला या गटाचा सर्वोच्च प्रमुख आहे हे त्याला माहीत नाही. थोरल्याकडे जेवायला जातो तेव्हा त्याला वाटतं, हा बिचारा पुस्तकी किडा, याला जगाची काय खबर. एका रात्री तो काळोखात होडी वल्हवत 'बड्या साहेबां'ना पाणबुडीपर्यंत सोडून येतो. होडीत बसलेला माणूस आपलाच भाऊ आहे, हे अंधारात त्याला दिसत नाही, आणि पुढं कधीच कळत नाही.

पुढं हाच झाँ-फ्रांस्वा सिनेमातली सर्वांत एकाकी गोष्ट करतो. गटातला फेलिक्स ल्योंमध्ये गेस्टापोच्या, म्हणजे जर्मन गुप्त पोलिसांच्या, हाती सापडलाय. त्याला सोडवायचा बेत आहे, पण तो आतल्या माणसाला कळवायचा कसा? झाँ-फ्रांस्वा गटाला राजीनाम्याची चिठ्ठी धाडतो, म्हणजे साथीदारांना वाटावं की भेकड निघाला, सुटला. मग स्वतःविरुद्ध निनावी पत्र लिहून पोलिसांना पाठवतो. पकडला जातो, मार खातो, फेलिक्सच्या कोठडीत पोचतो. बाहेरून गटातलीच मातिल्द जर्मन नर्सच्या वेषात रुग्णवाहिका घेऊन येते, दारातले पहारे ओलांडते. आतला डॉक्टर फेलिक्सला तपासून सांगतो, हा हलवण्याच्या अवस्थेत नाही. मातिल्द कागद घेऊन, चेहऱ्यावरची रेषही न हलवता, परत फिरते. कोठडीत झाँ-फ्रांस्वाकडे सायनाइडची गोळी आहे. एकच. ती तो फेलिक्सला देऊ करतो. तुझं काय, असं फेलिक्स विचारतो. माझ्याकडे भरपूर आहेत, तो सांगतो.

तो खोटं बोलला हे कुणालाच कळत नाही. गटातल्यांना नाही, भावाला नाही. आपण, पडद्यापुढं बसलेले, तेवढे साक्षीदार.

दुसऱ्यांदा पाहून झाल्यावर मेलविलविषयी थोडं वाचलं तेव्हा या भावांचा उलगडा झाला. मेलविलला जाक नावाचा थोरला भाऊ होता. समाजवादी कार्यकर्ता. 1942च्या नोव्हेंबरात तो पिरेनीज पर्वत ओलांडून स्पेनला निघाला आणि वाटेतच मारला गेला. जर्मनांनी नव्हे, पलीकडे पोचवायला घेतलेल्या वाटाड्यानं त्याला गोळी घातली. वर्षांनंतर अवशेष सापडले, खटला चालला. वाटाड्याचं म्हणणं असं, की याचा पाय दुखावला होता, चालता येत नव्हतं, मागे ठेवला असता तर सापडला असता आणि सगळी वाट उघडी पडली असती. तो सुटला. जाकपाशी पैसे होते, हेही लोकांनी सांगितलंच.

सबंध वाटेला धोका नको म्हणून एक माणूस मारला. हे समर्थन खरं होतं की बनाव, ते त्या डोंगरात राहिलं. मार्सेयच्या खोलीतला टॉवेल मी त्यानंतर पुन्हा एकदा पाहिला. मेलविलच्या जागी दुसरा कुणी असता तर त्यानं एक तर त्या तिघांना राक्षस केलं असतं, नाहीतर त्यांच्यामागे देशभक्तीचं गाणं लावलं असतं. यानं कॅमेरा जेमतेम हलवलाय.

इथं मला आमच्या गावाकडचं थोडं सांगायला हवं, कारण सिनेमाची गोष्ट सुरू होते ती तारीख पडद्यावर येते, 20 ऑक्टोबर 1942, आणि ती बघून मला आजी आठवली. आमचं गाव कृष्णाकाठचं, तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातलं, आता सांगलीत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'चले जाव' झालं, सप्टेंबरात तासगावला, वडूजला मोर्चे निघाले, वडूजला गोळीबारात माणसं पडली, आणि त्यानंतर आमच्या भागातली कितीतरी पोरं भूमिगत झाली. पुढं नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं ते याच मुलखात, 1943 पासून 46 पर्यंत टिकलं. दोन्ही लढ्यांची बरोबरी करायची नाही मला. तिथं गेस्टापो होती, इथं गोऱ्या साहेबाची पोलीस पार्टी. पण 'भूमिगत' हा शब्द आमच्या घरात इतिहासाच्या पुस्तकातून आला नव्हता.

खबऱ्यांना प्रतिसरकार शिक्षा करायचं. तळपायावर काठ्या. त्याला पत्री मारणं म्हणत, आणि त्यावरूनच पत्री सरकार हे नाव पडलं असं जुनी माणसं सांगत. माझ्या लहानपणी गावात एक म्हातारा होता, पाय घासत चालायचा. 'त्याला पत्री लागलीया,' असं मोठी माणसं दबक्या आवाजात म्हणायची. पण हाच म्हातारा पंगतीला असायचा, लग्नाकार्यात असायचा, आमच्या ओट्यावर बसून आजीच्या हातचं ताक प्यायचा. मार्सेयमधल्या त्या तिघांकडे अशी सोय नव्हती. त्यांना तो पोरगा ठेवायला गाव नव्हतं. दुनाला लंगडत का होईना म्हातारं होता आलं असतं तर, असा विचार माझ्या मनात येऊन जातो. अर्थात ज्याच्या तळपायावर काठ्या पडल्या त्याला त्या ताकाची चव काय लागत असेल, हे मी त्याला कधी विचारलं नाही.

मातिल्दचं सांगायचं राहिलं. हे काम सिमोन सिन्योरेचं. बायकांच्या रांगेत उभी राहिली तर कुणाची नजर तिच्यावर ठरणार नाही अशी चाळिशीतली गृहिणी. घरच्यांना तिच्या उद्योगांचा पत्ता नाही. सगळ्या गटात डोकं म्हणाल तर तिचं. जेर्बिएला मरणाच्या दारातून काढते तीच. जर्मन शिपाई कैद्यांना एका लांबलचक बोगद्यात उभं करतात, मागे मशीनगन, आणि सांगतात, पळा. जो पलीकडची भिंत गाठेल तो पुढच्या खेपेपर्यंत जगेल. जेर्बिए मनाशी ठरवतो, मी पळणार नाही. बाकीचे पळतात. तो उभा राहतो. मग गोळ्या पायांशी फुटतात आणि तोही पळायला लागतो. तेवढ्यात वरून धुराचे गोळे पडतात, दोर सुटतो, मातिल्दची योजना फत्ते होते. सुटल्यावर लपून बसलेल्या जेर्बिएला सुटकेचा आनंद नाही. आपण सशासारखे पळणार, हे त्या जर्मन अधिकाऱ्याला आधीच ठाऊक होतं, ही गोष्ट त्याला कुरतडत राहते. न पळता तर दोर हाती लागला नसता, हे कळूनही.

मातिल्दच्या पर्समध्ये तिच्या सतरा वर्षांच्या मुलीचा फोटो असतो. जेर्बिए तिला बजावतो, हा काढून टाक. ती काढत नाही. एवढ्या हुशार बाईनं एवढी साधी चूक कशी केली, असं विचारणारे भेटतात. माझ्या बायकोला मी तेच विचारलं, तर तिनं न बोलता स्वतःच्या पर्समधला आमच्या मुलीचा शाळेच्या ओळखपत्रावरचा जुना फोटो काढून दाखवला आणि परत ठेवला. मातिल्द पकडली जाते, फोटो सापडतो. तोंड उघडलं नाहीस तर या पोरीला पोलंडला रशियाहून येणाऱ्या सैनिकांच्या कुंटणखान्यात धाडू, असं तिला सांगतात. तिला सोडून देतात, आणि गटातली माणसं पकडली जायला लागतात.

तिला मारायचं ठरतं. 'बिझाँ' म्हणून जो रांगडा गडी आहे, तो म्हणतो तिच्या केसाला धक्का लागला तर गाठ माझ्याशी आहे. तेव्हा जार्दी, तो गणिती, बाहेर येतो आणि शांतपणे मांडणी करतो, की ती सुटून आली ती आपल्या हातून मरण यावं म्हणूनच, स्वतः जीव दिला तर मुलगी वाचणार नाही. बिझाँला ते पटतं. नंतर जेर्बिए विचारतो, तुम्हाला याची खात्री आहे? जार्दीला नसते. ते एक गृहीतक आहे. बरोबर असेल, किंवा तिला फक्त पोरीला पुन्हा बघायचं असेल. आणि मग तो स्वतःही त्या गाडीत बसतो.

ती फुटपाथवरून चालत येते. गाडी जवळ आल्यावर थांबते, त्यांच्याकडे बघते. ओळखते. त्या नजरेत संमती आहे की धक्का, हे मी चार-पाच वेळा थांबवून पाहिलंय. दर वेळी वेगळं दिसलं. सिन्योरेनं ते मुद्दाम असं ठेवलंय आणि मेलविलनं तिला ठेवू दिलंय. गोळ्या सुटतात, गाडी पुढं जाते.

त्यावर पडद्यावर चार ओळी येतात. मास्कला 8 नोव्हेंबर 1943 रोजी सायनाइड गिळायला वेळ मिळाला. बिझाँचा 16 डिसेंबरला जर्मन तुरुंगात कुऱ्हाडीनं शिरच्छेद झाला. जार्दी 22 जानेवारी 1944ला छळात मेला, त्यानं एकच नाव सांगितलं, स्वतःचं. आणि 13 फेब्रुवारी 1944 रोजी जेर्बिएनं ठरवलं की या वेळी पळायचं नाही. या ओळी कादंबरीत नाहीत. केसेलनं सिनेमा पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्या वाचून त्याला रडू आवरलं नाही, असं मेलविलनं सांगून ठेवलंय. माणसं त्याची, मरणं दुसऱ्यानं लिहिलेली.

इन्व्हर्टर त्या रात्री पुरला. लॅपटॉप मिटला तरी मी त्या मार्सेयच्या बिऱ्हाडावरच अडकलो होतो. त्यांना खरंच काही ऐकू गेलं नसेल? खुर्ची सरकल्याचा आवाज? आणि गेला असेल तर?

आजी लग्न होऊन आमच्या घरात आली तेव्हा अठराची होती. रात्री-अपरात्री मंडळी यायची, कधी चार, कधी सात. दारात कंदील लावायचा नाही. घरात पीठ असेल तेवढ्या भाकरी व्हायच्या, संपलं की दळण घालावं लागायचं. गावात जातं पहाटे फिरायचं. मध्यरात्री जात्याची घरघर म्हणजे या घरात आज खाणारी तोंडं जास्त आहेत अशी दवंडीच, आणि पोलीस पाटलाचं घर दोन दारं सोडून. शेजारच्या घराची आणि आमची भिंत एकच, मातीची. तिथं एक वयस्क बाई राहायची. आजी तिला आत्ती म्हणायची. दोन्ही घरांत बांधावरून वाद होता, येणं-जाणं बंद, बोलणं नाही.

एका रात्री आजीनं जातं ओढायला घेतलं आणि थोड्या वेळानं भिंतीपलीकडून दुसऱ्या जात्याचा आवाज यायला लागला. आजी थांबली की ते थांबायचं. पुन्हा सुरू केलं की सुरू. मग तर ते नेहमीचंच झालं. दोन घरची जाती रात्री फिरतायत म्हटल्यावर गावाला वाटायला लागलं, या आळीतल्या बायकांची दळायची वेळच ती असेल.

आजी हे सांगायची तेव्हा मी कॉलेजात होतो. विचारलं, 'मग आत्तीला कधी विचारलंस का तिनं असं का केलं ते?'

'इचारायचं काय त्यात?' आजी म्हणाली. 'बोलनं बंद हुतं न्हवं आमचं.'